उतरायचे कुठे?

परगावी निघालेल्या माणसाला घरची मंडळी तीन प्रश्न विचारतात. गाडी किती वाजता, बरोबर डबा घेतला का, आणि उतरणार कुठे? पहिल्या दोहोंची उत्तरे जाणाऱ्याच्या हाती असतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र ज्या गावी जावयाचे त्या गावाच्या हाती असते. एखादे गाव किती मोठे हे शिरगणतीवरून कळते. पण ते किती शहाणे आहे हे कळावयाचे तर ओळखपाळख नसलेला माणूस तिथे रात्री कुठे पाठ टेकतो आणि कुणाच्या हातचे पाणी पितो, ते पाहावे.

मराठी भाषेने या बाबतीत मोठी मौज करून ठेवली आहे. नदीत जिथे पाणी गुडघाभर असते आणि पलीकडे जाता येते तो उतार. गाडीने येणारा तो उतारू. आणि तो जिथे मुक्काम टाकतो तो उतारा. (तलाठ्याकडचा उतारा आणि दृष्ट काढून तिकाटण्यावर टाकलेला उतारा हे निराळे; त्यांच्याशी आज आपल्याला कर्तव्य नाही.) आमच्या परभणी जिल्ह्याचा इतिहास लिहिणारे बहुधा राजांच्या नावांनी तो लिहितात. यादव गेले, बहामनी आले, निजामशाही आली, मोगल आले, निजाम आले. हे राजे आले आणि गेले. पण वाटसरू मात्र अखंड येतच राहिला. त्याच्या बाजूने हा इतिहास कुणी फारसा सांगितलेला नाही.

बाहेरच्या माणसाला आमच्या गावाविषयी दोनच म्हणी ठाऊक असतात. एक आम्ही छाती फुगवून सांगतो, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी.’ दुसरी पाहुणे हळूच सांगतात, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ म्हणजे कुठे जमले तर जमले, नाहीतर आहेच परभणी! दुसरीत टोमणा आहे खरा, पण मला तीच अधिक आवडते. ज्याचे कुठेच जमले नाही त्यालाही हे गाव जागा देते, असा तिचा अर्थ लावता येतो, आणि तसा तो लावण्यास इतिहासाचीही थोडीफार साक्ष आहे.

आमची जमीन काळी. कापूस आणि ज्वारी तिच्यावर नाचते, पण वाट मात्र तिच्यावर टिकत नाही. पहिला मोठा पाऊस पडला की गाडीवाटेचे रूपांतर लोण्यात होते. चाकाला चिखल चढतो, तो खरवडावा आणि दहा पावलांवर पुन्हा चढावा. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या तीन नद्या जिल्ह्याला वेटाळून आहेत. उन्हाळ्यात त्या जागोजाग उतार देत, पावसाळ्यात नावेशिवाय गती नसे. त्यामुळे पूर्वीचा प्रवास दिवाळीनंतर सुरू व्हावा आणि मृगापूर्वी संपावा अशी रीत होती. जे भर पावसाळ्यात निघत ते वारकरी. आषाढी काही वैशाखात येत नाही! गंगाखेडची जनाबाई तेराव्या शतकात लहानपणीच पंढरपुरास गेली आणि दामाशेटींच्या घरी राहिली, हे आपण सारे जाणतो. ती गेली ती वाट कोणती, मुक्काम कुठे पडले, हे संतचरित्रकारांनी सांगितलेले नाही. परंतु गोदाकाठावरून भीमेकाठी जाणारी वाट आजही पायाखालची आहे. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड करीत पुढे परळीस जाते, तेव्हा हजारो माणसांच्या उताऱ्याची सोय गावोगावचे लोक दरसाल करतात, आणि त्यासाठी कुणी कुणाला बिल पाठवीत नाही.

आता वाटेवरच्या पाण्याची गोष्ट. ही जरा सावकाश सांगावयाची आहे, कारण आमच्या जिल्ह्यातले सर्वांत थोर बांधकाम देवळांचे नव्हे, पाण्याचे आहे.

साधी विहीर असेल तर पाणी काढावयास पोहरा लागतो आणि दोर लागतो. गावच्या माणसाजवळ तो असतो, वाटसरूजवळ नसतो. तहानेने व्याकूळ झालेला माणूस विहिरीच्या काठावर उभा आहे, पाणी तीस हात खाली चमकते आहे, आणि हाती दोर नाही, याहून क्रूर थट्टा कोणती? या अडचणीवर आपल्या पूर्वजांनी जो उपाय काढला तो म्हणजे बारव. पाणी वर आणण्याऐवजी माणसानेच पाण्यापर्यंत खाली जावे. चहूबाजूंनी किंवा एका बाजूने पायऱ्या, मध्ये विसाव्याचे टप्पे, भिंतीत देवांसाठी आणि दिव्यांसाठी कोनाडे. पाणी कितीही खाली गेले तरी चार पायऱ्या अधिक उतरल्या की ओंजळ भरते. वैशाखातल्या दुपारी वर जमीन तापलेली असते, तेव्हा दहा-वीस पायऱ्या खाली मात्र गारवा असतो. म्हणजे बारव ही पाणपोई तर होतीच, शिवाय दुपारच्या विसाव्याची धर्मशाळाही होती. आजकालच्या हॉटेलांत थंड हवेची यंत्रे बसवितात. यादवांच्या गवंड्यांनी ते काम नुसत्या खोलीवर भागविले.

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव या विद्येचे माहेरघर म्हणावे लागेल. गावात एके काळी तीनशेसाठ देवळे आणि तितक्याच बारवा होत्या, असे लोक सांगतात. हा आकडा मोजून काढलेला नव्हे. आपल्याकडे ‘पुष्कळ’ म्हणावयाचे झाले की तीनशेसाठ म्हणतात, वर्षाचे दिवस धरून. पण जे शिल्लक आहे तेही थक्क करणारे आहे. यादवकाळातील देवळे, कोरीव उंच दगडी स्तंभ, आणि पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली देखणी बारव. इथल्या एका महादेवाचे नाव उकंडेश्वर आहे. उकंडा म्हणजे उकिरडा! उकिरड्याच्या ढिगाखाली दडलेला देव, असा लोकांनी त्याचा अर्थ लावला आहे. आपल्या इतिहासाची स्थिती एका शब्दात सांगणारे असे दुसरे नाव मला ठाऊक नाही.

ही सारी बांधकामे आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. चुन्याशिवाय दगडावर दगड बसविण्याची ही रीत त्याच्या आधीही दख्खनेत चालू होती, त्यामुळे तिचे जनकत्व त्याला देणे हे पुतण्याला आजोबा म्हणण्यासारखे आहे. परंतु लोकांनी एकदा नाव ठेवले की ते पुसता येत नाही. गंगाखेड तालुक्यात धारासूरला गोदावरीच्या काठी गुप्तेश्वराचे मंदिर आहे, तेही याच घराण्यातले. नदीकडून येणाऱ्या नावाड्याला ते दुरून दिसत असले पाहिजे. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या जैन गुहांत तर बसका दरवाजा ओलांडून वाकून आत जावे आणि समोर भल्या थोरल्या मूर्ती दिसाव्यात, असा चमत्कार आहे. एवढी मूर्ती एवढ्याशा दारातून आत गेली कशी, असे शाळेतली मुले हटकून विचारतात. ती आत गेलीच नाही, तिच्याभोवतीचा डोंगर बाहेर आला, हे सांगितले म्हणजे त्यांची तोंडे पाहण्यासारखी होतात.

सेलू तालुक्यातील वालूरची एक बारव मात्र या सगळ्यांहून वेगळी. तिच्या पायऱ्या सरळ खाली उतरत नाहीत; विहिरीच्या पोटातून गोल गोल फिरत, शंखाच्या आतल्या वळणासारख्या खाली जातात. ज्याने ती आखली त्याच्यापाशी कागद होता की नव्हता कोण जाणे, पण डोके होते खास.

बारवेचे कौतुक झाले. आता तिची दुसरी बाजू. जी विहीर पोहऱ्याने वापरावयाची तिच्यात माणसाचा पाय पडत नाही. बारवेत मात्र प्रत्येकजण पाण्याला प्रत्यक्ष शिवतो. म्हणूनच कुणी शिवावे आणि कुणी शिवू नये याचा पहारा बारवेवर अधिक कडक असे. ‘सर्व वाटसरूंसाठी’ बांधलेल्या या पायऱ्या सर्वांसाठी नव्हत्या. पायऱ्यांशी उभे राहून कुणीतरी वरून ओंजळीत पाणी घालील म्हणून तासन्‌तास वाट पाहणारे वाटसरूही याच मुलखात होते. तहान सारखीच, ऊनही सारखेच. शिल्पकाराने भिंतीत देवांसाठी कोनाडे ठेवले, या माणसांसाठी मात्र पायरी ठेवली नाही. चारठाण्याला शाळेची सहल नेली की मी मुलांना देवळाचे शिल्प दाखवितो आणि हेही सांगतो.

यादवांनंतर या भागाचे मोठे गाव पाथरी. आज पाथरी हे तालुक्याचे गाव आहे, पण एके काळी तिच्यासाठी दोन सुलतान लढले आहेत. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, असे फेरिश्ता लिहितो. गादीवर बसल्यानंतर बुऱ्हाण निजामशाहाला आपले वाडवडिलांचे गाव आपल्याकडे असावे असे वाटू लागले. ते वऱ्हाडच्या इमादशाहीत होते. त्याने बदल्यात दुसरा परगणा देऊ केला, तो नाकारला गेला, तेव्हा १५१८ साली त्याने पाथरी लढून घेतली. घराण्याने धर्म बदलला, भाषा बदलली, तरी ‘आमचे मूळ गाव’ हा मराठी हट्ट काही सुटला नाही! पुढे अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यात पाथरी हे एक ‘सरकार’, म्हणजे जिल्ह्यासारखे ठाणे झाले. त्या दिवसांत परभणीचे नाव फारसे कुणाच्या तोंडी नव्हते.

मग हा पालट झाला कसा? कारणे अनेक असतील. पण एक कारण लोखंडाचे आहे, आणि ते १९०० सालचे आहे.

तत्पूर्वी धर्मशाळांविषयी दोन शब्द. मराठी मुलखात धर्मशाळा म्हटले की अहिल्यादेवी होळकरांचे नाव येते, आणि ते उगाच नव्हे. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी घाट, देवळे आणि धर्मशाळा बांधविल्या. औंढा नागनाथाच्या देवळाचा वरचा भाग त्यांच्या काळचा मानतात. औंढा १ मे १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. त्या दिवशी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि नागनाथ, नरसीचे नामदेव, हिंगोलीची जुनी छावणी हे सारे वाटणीत तिकडे गेले. भाऊ वेगळे झाले म्हणजे देवघरातले देवही वाटले जातात, तसे झाले. निजामी अमलात धर्मशाळेच्या जोडीला मुसाफिरखाना आला आणि साहेबलोकांसाठी डाकबंगला. धर्मशाळेत चूल आपली आपण पेटवावयाची, भांडी बरोबर आणावयाची, अंथरूण पाठीवर. भाडे नसे. डाकबंगल्यात खानसामा असे आणि कोंबडीला मरण असे. सामान्य उतारू मात्र या दोन्हींपेक्षा पाहुणचारावर अधिक विसंबे. माळवदाच्या घरात ओसरी असते ती त्यासाठीच. अनोळखी माणूस ओसरीवर टेकला की भाकरी आणि पिठले त्याला विचारून होत नसे. तांब्याभर पाणी आधी, नाव-गाव मागाहून. नाव-गावात जात आलीच, आणि मग कुणाची ओसरी, कुणाचे अंगण आणि कुणाची गावाबाहेरची वाट ते ठरे.

हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० साली मनमाडपर्यंत खुली झाली. रूळ अरुंद, सव्वातीन फुटांचे. साल लक्षात घेण्यासारखे आहे. आदल्या वर्षी पाऊस नव्हता आणि सबंध दख्खन छपन्नाच्या दुष्काळात होरपळत होते. ज्या मुलखात धान्य बैलांच्या पाठीवरून यावयाचे आणि वाटेत बैलच चाऱ्यावाचून मरावयाचे, त्या मुलखात त्याच साली आगीनगाडी आली. परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पिंगळी, पूर्णा अशी स्टेशने झाली. पाथरी रुळांपासून दूर राहिली. मानवतची पेठ कापसाची, नावाजलेली, पण तिच्याही वाट्याला स्टेशन आले ते ‘रोड’. गाव राहिले दूर. अशा ‘रोड’ स्टेशनांवर उतरलेल्या माणसाची फसगत ठरलेली असे. फलकावर गावाचे नाव वाचून तो आनंदाने उतरे, आणि बाहेर येऊन पाहतो तो टांगेवाला हसत उभा!

परभणीला मात्र गाव आणि गाडी एकत्र आली. पुढे गंगाखेडवरून परळीकडे फाटा गेला आणि परभणी जंक्शन झाली. पूर्णेहून १९१२ साली हिंगोलीची गाडी सुरू झाली. पूर्णा हे तर निव्वळ रेल्वेने घडविलेले गाव. इंजिनांचे घर, रेल्वेच्या चाळी, रात्रीबेरात्री शिट्ट्या, आणि नानाभाषी नोकरवर्ग. तिथला पोरगा मराठी घरात बोले, तेलुगू शेजारी शिके, उर्दू शाळेत, आणि इंग्रजी शिव्या गार्डाकडून.

त्या काळच्या उतारूचे हाल आणि चैन दोन्ही ऐकण्यासारखी आहेत. मुंबईस जावयाचे तर मनमाडला गाडी बदलणे आले. निजामाचे रूळ सव्वातीन फूट, मुंबईचे साडेपाच फूट; दोघांचे जमणार कसे? सगळी गाडी तिथे रिकामी व्हावयाची. माणसे, ट्रंका, वळकट्या, लोणच्याच्या बरण्या, सारे या फलाटावरून त्या फलाटावर. मालगाडीतला कापूस, धान्य हमालांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्यात जाई. शिवाय संस्थानची हद्द म्हणजे करोडगिरी. जकातीचे शिपाई ट्रंक उघडून नव्या लुगड्यांची घडी मोडीत. पैसाही वेगळा. संस्थानात हाली शिक्का, बाहेर कलदार. सात हाली रुपये मोजावेत तेव्हा सहा कलदार मिळावेत. म्हणजे मराठवाड्याचा माणूस मनमाडला पोचेपर्यंत रुपयामागे दोन-सव्वादोन आण्यांनी गरीब झालेला असे, एक पैसाही खर्च न करता!

रेल्वेच्या पाठोपाठ मोटार आली. निजाम सरकारच्या रेल्वेनेच १९३२ साली सत्तावीस बसगाड्यांवर आपले रस्तेवाहतुकीचे खाते उघडले. सरकारने स्वतः एस्. टी. चालविण्याचा हिंदुस्थानातला तो पहिल्या प्रयोगांपैकी एक होता. मुंबई राज्यातली पहिली एस्. टी. पुणे-अहमदनगर धावली ती १ जून १९४८ रोजी. या एका बाबतीत आम्ही मागासलेले लोक पुण्याच्या सोळा वर्षे पुढे होतो, हे पुणेकर मित्रांना सांगताना मला फार बरे वाटते.

गाडीने आणखी एक काम केले. सभा आणि परिषदा भरविणे तिने शक्य केले. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. हैदराबादेपासून औरंगाबादेपर्यंतचे प्रतिनिधी एका आडगावी जमले, कारण तिथे स्टेशन होते. निजामी राजवटीत जी चळवळ पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत गेली, तिच्या माणसांची ओळखदेख अशाच फलाटांवर, अशाच उताऱ्यांवर झाली. इतिहासात ठराव छापले जातात. ठराव करणाऱ्यांना रात्री कुणी वाढले हे छापले जात नाही.

आणि डब्यातले बाकडे! रेल्वेने सर्वांना एका बाकड्यावर बसविले, असे आपण अभिमानाने म्हणतो. काही अंशी ते खरे आहे. गर्दीच्या डब्यात शेजारी कोण टेकला हे विचारणे अवघड जाते. परंतु स्टेशनावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी भांडी होती, आणि त्या दोन्हींपाशी ज्याला जाता येत नसे असा तिसरा तहानेलाही होता. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या प्रवासाच्या काही आठवणी लिहून ठेवल्या आहेत. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्या प्रसिद्ध आहेत. लहानपणी स्टेशनावर उतरल्यावर गाडीवान मिळेना, बडोद्यास नोकरीवर असताना उतरावयास जागा मिळेना आणि जी मिळाली तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले, असे प्रसंग त्यांत आहेत. एक प्रसंग आमच्या मराठवाड्यातला आहे. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळ पाहावयास निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाची धूळ अंगावर होती म्हणून दारातल्या हौदावर मंडळींनी हातपाय धुतले. लागलीच आरडाओरड झाली, हौद बाटला! शेवटी किल्ला पाहावयाची परवानगी मिळाली ती आत कुठे पाण्याला शिवणार नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवावयास बरोबर एक शिपाई.

ही गोष्ट वाचल्यानंतर भारताच्या राज्यघटनेचे पंधरावे कलम एकदा वाचावे. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते, यांत धर्म, जात, लिंग यांवरून कुणाला अडविता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. कायद्याच्या पुस्तकात घाट आणि विहिरी कशाला, असे एखाद्यास वाटेल. पण ही यादी नीट पाहिली तर ती वाटसरूची यादी आहे. सकाळी निघालेल्या माणसाला रात्रीपर्यंत ज्या ज्या दाराशी जावे लागते ती ती दारे क्रमाने मांडली आहेत. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली आणि कागदावर का होईना, चारठाण्याच्या पायऱ्या प्रथमच सगळ्यांच्या झाल्या. कागदावरून पायरीवर यावयास बराच वेळ लागला. गावच्या चहाच्या हॉटेलाबाहेर वळचणीला खोचून ठेवलेले वेगळे कप अनेकांच्या आठवणीत आहेत.

पुढचा भाग सर्वांच्या माहितीचा, म्हणून आटोपता घेतो. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. रेल्वे आधी मध्य आणि १९६६ पासून दक्षिण-मध्य झाली. १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ आले आणि शेतकऱ्यांचा राबता सुरू झाला. भारतभर ‘परभणी क्रांती’ नावाची भेंडी पिकते ती इथली. १९९५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, नारायण सुर्वे अध्यक्ष होते. गिरणीत आणि रस्त्यावर वाढलेल्या कवीचे संमेलन ‘नहीं तो परभणी’ म्हणून हिणविलेल्या गावी भरावे, हा योग मला फार जमून आलेला वाटतो. त्याच सुमारास, १९९० नंतरच्या पाच-सहा वर्षांत, मनमाडकडून येणारे रूळ रुंद झाले आणि फलाट बदलण्याचा तो जुना द्राविडी प्राणायाम संपला. पूर्णा-अकोला मार्ग रुंद व्हावयास मात्र २००८ साल उजाडले. लहान इंजिने गेली, त्यांच्याबरोबर पूर्णेची पुष्कळशी वर्दळही गेली. २०२५ च्या ऑगस्टपासून वंदे भारत गाडी नांदेडहून मुंबईस जाताना परभणीला थांबते. तिच्या खिडक्या उघडत नाहीत. त्यामुळे पेरूवाला बाहेर आणि भूक आत, असा प्रकार होतो.

लॉज आता स्टेशनरोडला आणि बसस्टँडपाशी भरपूर झाले. ‘भोजन व निवासाची उत्तम सोय’ हा फलक सगळीकडे सारखाच, सोय मात्र निरनिराळी. परंतु गावाच्या उताऱ्याची खरी परीक्षा पाहावयाची तर फेब्रुवारीत यावे. हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस परभणीला २ फेब्रुवारीपासून दोन आठवडे चालतो. पाळणे, मिठाईची दुकाने, कव्वाल्या, बांगड्या, भांडी. हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतल्या लेकी माहेरी याव्यात तो हाच हंगाम. या दिवसांत लॉजवर जागा मिळत नाही, पण कुणी उघड्यावर झोपला असेही फारसे होत नाही. कुणाच्या तरी ओळखीची ओळख निघते, गच्ची मिळते, सतरंजी मिळते.

पाथरीचे नाव पुन्हा गाजले ते २०२० सालच्या जानेवारीत. साईबाबांचा जन्म पाथरीचा, असे पाथरीकर फार दिवस म्हणत आले आहेत. तिथे देऊळही आहे. राज्य सरकारने पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा केली, तिथे ‘जन्मस्थान’ हा शब्द आला, आणि १९ जानेवारीस शिर्डी बंद राहिली. बाबांनी स्वतः आपले गाव कधी सांगितले नाही, जात सांगितली नाही. ते आयुष्यभर एका पडक्या मशिदीत उतारू म्हणून राहिले. त्यांच्या जन्मगावाचा तंटा व्हावा आणि त्या तंट्याचे मूळ यात्रेकरूंच्या उताऱ्याच्या उत्पन्नात असावे, यावर अधिक काय बोलणार? बुऱ्हाण निजामशाहाला मात्र ही गोष्ट चटकन समजली असती.

वालूरच्या बारवेची हकीकत याच्या उलट आहे. नळ आले तसे बारवांचे काम संपले. वापर थांबला की विहिरीचा उकिरडा व्हावयास वेळ लागत नाही. निर्माल्य, माती, बाटल्या, पडलेले दगड. २०२१ साली वालूरच्या लोकांनी श्रमदानाने गाळ काढावयास घेतला. टोपली टोपली करीत एकेक पायरी उघडी झाली आणि शंखाचे ते वळण पुन्हा दिसू लागले. २०२२ साली टपाल खात्याने महाराष्ट्रातील निवडक बारवांची चित्रे पोस्टकार्डांवर छापली, त्यांत वालूर आणि चारठाणा आहेत. महाशिवरात्रीला हल्ली अनेक बारवांत पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या लावतात. त्या लावावयास जी पोरे उतरतात त्यांत सगळ्या आळ्यांतली असतात. आजोबांना ज्या पायरीवर थांबविले होते ती पायरी नेमकी कोणती, हे नातवाला ठाऊक नसते. आणि सांगावे की न सांगावे, असा प्रश्न मास्तरांना पडतो. मी सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीत कुणी वाचक इकडे येणार असतील तर सेलूला उतरावे. वालूर त्याच तालुक्यात आहे. तिथून जिंतूर गाठून नेमगिरी करावी, आणि जिंतूर-जालना रस्त्यावर चारठाणा आहेच. या दिवसांत पावसाचे पाणी वर आलेले असते, त्यामुळे बारवेच्या वरच्याच पायऱ्या दिसतात. तळापर्यंत उतरावयाचे असेल तर एप्रिलात या. ऊन कडक असते, पण त्याच वेळी बारव समजते. जोडे वर काढून ठेवावेत, शेवाळावरून सांभाळून उतरावे, आणि मुलांचे हात धरावेत. चारठाण्यात देवळाचा पत्ता कुणालाही विचारला तरी चालेल. सांगणारा बहुधा स्वतःच बरोबर येतो, आणि येता येता चहा घेणार का, हेही विचारतो.